दात्याचे वजन

शनिवार, ६ जानेवारी २०२४

वजन ९०.२ किलो. उंची १६८ सेंटिमीटर. वय ५३ वर्षे ४ महिने.

नागपूरच्या डॉक्टरांनी हे तीन आकडे माझ्यासमोर कागदावर लिहिले आणि पहिल्याखाली दोनदा रेघ ओढली. माझ्या यकृतात चरबी आहे. अशा यकृताचा तुकडा काढून दुसऱ्याला बसवणे देणाऱ्यालाही धोक्याचे आणि घेणाऱ्यालाही. आठ आठवड्यांत वजन ८३ वर आणले तर ४ मार्चला पुन्हा तपासतील.

घेणारी माझी धाकटी बहीण ललिता आहे. चरोद्याला रेल्वे कॉलनीत राहते, वय ५०. तिच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती तिच्याच यकृतावर उलटली आहे. औषधांचा उपयोग आता संपला. तिचे यजमान मधुमेही, म्हणून बाद. रक्तगट दोघांचाच जुळतो, माझा आणि तिच्या मुलीचा, आम्रपालीचा. आम्रपाली चोवीस वर्षांची आहे आणि एका पायावर तयार आहे. परंतु ललिताने तिचे नावच काढू दिले नाही. डॉक्टरांच्या देखत म्हणाली, "पोरीच्या पोटाले चीर लागू देनार नाई मी. त्यापेक्षा मले जाऊ द्या."

म्हणजे मी. मी झालो नाही तर आम्रपाली, आणि आम्रपालीला ललिता नाही म्हणणार.

परतीच्या गाडीत पत्नी हिरा दुर्ग येईपर्यंत संत्री सोलत होती. सगळ्या फोडी मला दिल्या, स्वतः एकही खाल्ली नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

आम्रपालीने व्यक्तिगत प्रशिक्षक शोधून दिली. नाव दिपाली राहांगडाले, वय ३३, राहणार रिसाली. मूळ गाव आमगावकडे. वडील माझ्याच पोलाद कारखान्यात होते. पूर्वी वजन उचलण्याच्या स्पर्धांत राज्यापर्यंत गेलेली. संध्याकाळी नेहरूनगरच्या जिममध्ये शिकवते, सकाळी घरोघरी जाते. मी प्रमाणपत्रे मागितली. तिने ती दाखवली. मी तारखा तपासल्या, बरोबर होत्या.

ठीक सहाला आली. आमचे क्वार्टर कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ५ मध्ये पहिल्या मजल्यावर आहे, वर गच्ची. वजनकाटा तिने आणलाच नव्हता. खुर्चीवर दहा वेळा बसायला आणि उठायला लावले आणि ते पाहत राहिली. नंतर विचारले की झोप कशी लागते, राग आला की मी काय करतो. दुसरा प्रश्न विषयाला सोडून होता असे मी नम्रपणे सांगितले.

मी तक्ता तयार ठेवला होता. दिनांक, वजन, कंबर, नाडी, व्यायामाचा प्रकार, संख्या, प्रत्येक जेवणाचे ग्रॅममधील माप. तीस वर्षे मी कारखान्याच्या भांडारात प्रत्यक्ष साठा मोजून नोंदीशी ताडून पाहण्याचे काम करतो. बोल्ट असो की बेअरिंग, मोजल्याशिवाय माझी सही होत नाही. दिपालीने तक्ता बराच वेळ पाहिला.

"लई भारी बनवला काकाजी. फक्त एक खाना कमी हाय. थकव्याचा. एक ते दहा."

थकव्याला एकक नसते, असे मी म्हटले.

"नसू द्या. तुमी जो आकडा सांगाल तो मी मानते."

खाना वाढवला. आठवड्यात सहा दिवस व्यायाम, सोमवारी पूर्ण विश्रांती. आठच आठवडे हाताशी असताना सोमवार वाया का घालवायचा, असे विचारले. ती हसली.

रविवार, १४ जानेवारी

वजन ८९.४.

मांड्या, पोटऱ्या आणि आजवर ज्यांचे अस्तित्व ठाऊक नव्हते असे काही स्नायू दुखतात. दिपाली चांगली आहे, परंतु शिथिल आहे. तेराव्या उठाबशीला माझा श्वास लागला तेव्हा तिने थांबवले. पंधरा ठरल्या होत्या. मी उरलेल्या दोन पूर्ण करू लागलो तर खांद्यावर हात ठेवून म्हणाली की आजचा हिशेब तेरावर बरोबर आहे. जो हिशेब ठरल्याप्रमाणे नाही तो बरोबर कसा, हे मला उमगत नाही. तिच्या बोलण्याने मात्र बरे वाटते. ती गेल्यावर अर्धा तास मन शांत असते, मग पुन्हा घरभर फेऱ्या सुरू होतात.

मंगळवार, ३० जानेवारी

वजन ८८.५. गेल्या मंगळवारीही ८८.५.

कारण सापडत नाही. कच्च्या भाज्या, डाळ, कणीक मी स्वतः तोलून हिराला देतो. तेल दिवसाला तीन चमचे ठरले आहे. त्याप्रमाणे एक लिटरचे पाकीट दोघांना तीन आठवडे सहज पुरावे. ते अकराव्या दिवशी संपले. पाकिटात तेल कमी भरले असावे. सुपेल्याच्या दुकानदाराकडे जाऊन तक्रार केली. तो मान्य करीना. हिरा मध्ये पडून म्हणाली की जाऊ द्या, एवढ्या तेवढ्यासाठी कोणाशी भांडता. ती दुकानदाराची बाजू घेते याचे नवल वाटले.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

वजन ८८.५. तिसरा आठवडा.

आज प्रज्ञागिरी टेकडीवरच्या बुद्धमूर्तीपाशी मेळावा. विहारातील मंडळींबरोबर डोंगरगढला गेलो. दरवर्षी ललिता सोबत असते. यंदा तिला चढवत नाही. वर जाऊन वंदना केली, खाली आलो, पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो, तिसऱ्यांदा चढलो. पायऱ्या मोजत होतो. प्रत्येक खेपेला आकडा वेगळा आला. असे माझ्या हातून होत नाही. विहाराचे शामराव म्हणाले, "प्रफुलभाऊ, बहिणीसाठी एवढी श्रद्धा आजकाल कोनात दिसते." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

वर उभा असताना सारखे वाटत होते की खाली काही विसरलो आहे, आणि खाली आलो की वाटे ते वर आहे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज दिपालीने प्रथमच कामचुकारपणा केला. आल्याबरोबर मला एकट्याला बागेपर्यंत चालून यायला पाठवले आणि चाळीस मिनिटांच्या आत परतायचे नाही असे बजावले. परतलो तेव्हा ती आणि हिरा स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. हिराचे डोळे लाल होते. कांद्याने झाले म्हणाली. चिरलेला कांदा मला कुठे दिसला नाही.

दिपालीने चहा घेतला, हिराचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसली आणि निघाली. जिन्यात मला म्हणाली, "काकूले बी घेऊन जात जा संध्याकाळी फिराले. त्याहीले कोनी काई विचारत नाई."

काय विचारायचे असते, हे तिने सांगितले नाही. संध्याकाळी हिराला घेऊन सिव्हिक सेंटरपर्यंत गेलो. चालताना तिने मध्येच विचारले की ऑपरेशनला किती तास लागतात. आठ ते दहा, असे मी सांगितले. नंतर पेरूच्या गाडीपाशी थांबून तिने बराच वेळ भाव केला.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

वजन ८६.७. एका आठवड्यात जवळपास दोन किलो उतरले. जेवणाची मापे तीच, व्यायाम तोच. तेलाचे नवे पाकीट सहा दिवसांत चौथाईही संपलेले नाही. दुसऱ्या दुकानातून घेतले होते. पहिला दुकानदार लबाड होता हे सिद्ध झाले.

रविवार, १८ फेब्रुवारी

चरोद्याला गेलो. ललिताचे पोट पाण्याने फुगले आहे, डोळे हळदीसारखे. हात काड्यांसारखे झाले आहेत. पलंगावर बसून शेंगा निवडत होती, कारण स्वस्थ बसवत नाही. हा आमच्या घराण्याचा दोष असावा.

मला पाहून खूप हसली. मी बारीक झालो तर थेट बाबांसारखा दिसतो म्हणाली, फक्त बाबांना असे रागीट नाक नव्हते. मग माझ्या तक्त्याविषयी आम्रपालीकडून ऐकलेले सगळे तिने नवऱ्याला माझ्यासमोर रंगवून सांगितले, आणि शाळेची गोष्ट काढली. गुरुजी पाच उदाहरणे देत, मी सात सोडवून नेत असे. त्यामुळे वर्गातली पोरे मला मारत आणि ती, तीन इयत्ता मागे असूनही, मला सोडवायला येई. हे खरे आहे. मी विसरलो होतो.

निघताना तिने माझे मनगट धरले. "दादा, जेवढं सांगतले तेवढंच कर बरं. मले सात नाई पाहिजे, पाचच दे."

यार्डात डबे एकमेकांवर आदळत होते. गाडीची वाट पाहताना मी फलाटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा फेऱ्या मारल्या.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

वजन ८५.८. उरलेले दिवस अकरा, उरलेले वजन २.८ किलो. दिपालीच्या गतीने हे होणार नाही असे माझे मत आहे. ती म्हणते, होईल. आणि अर्धा किलो राहिले तरी डॉक्टर फक्त काटा पाहत नाहीत. मी आयुष्यभर पाहिले आहे की शेवटी काटाच पाहतात.

कालपासून दुपारच्या सुटीत भांडारातील लोखंडी जिना वीस वेळा चढतो आणि उतरतो. त्या वेळी तिकडे कोणी नसते. डबा अर्धा खातो, उरलेला फाटकाजवळच्या कुत्रीला देतो. ही नोंद दिपालीच्या तक्त्यात घेतलेली नाही. तिने विचारलेले नाही.

(पुन्हा वाचले. साठ्यात माल असून नोंद नसणे याला आमच्या कामात काय म्हणतात हे मला ठाऊक आहे.)

मंगळवार, २७ फेब्रुवारी

वजन ८४.५. सकाळी गच्चीवर डोळ्यांसमोर क्षणभर काळोख आला. कठड्याला धरून उभा राहिलो. दिपालीने बसवले, पाणी दिले, थकवा विचारला. मी तीन सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले आणि आठ लिहिले. माझा आकडा मानण्याचे आश्वासन तिने पहिल्या दिवशी दिले होते, याची आठवण करून दिली.

"तुमी आकडा सांगतला असता तर मानला असता," ती म्हणाली. "हा तर तुमी जवाब देला."

शुक्रवार, १ मार्च

वजन ८३.६.

दिपालीची सूचना शब्दशः लिहून ठेवतो. आजपासून व्यायाम बंद. शनिवार-रविवार फक्त संथ चालणे, पोटभर जेवणे, झोपणे. रक्त तपासायच्या आधी अंगाला त्रास द्यायचा नाही. तिने हे तीन वेळा सांगितले आणि हिरालाही सांगून गेली.

सहाशे ग्रॅम उरले आहेत.

रविवार, ३ मार्च

वजन ८२.७. उद्दिष्टापेक्षा तीनशे ग्रॅम सरस.

काल आणि आज सकाळी "चालायला जातो" असे हिराला सांगून स्टेडियमवर गेलो. काल बैठका २००, पायऱ्यांच्या फेऱ्या ३०. आज बैठका ३००, फेऱ्या ४०. शेवटच्या फेरीत पाय माझे राहिले नव्हते. तरीही मोजणी चुकली नाही.

दुपारच्या गाडीने नागपूरला निघालो आहोत. मांड्या दगडासारख्या झाल्या आहेत. मन प्रसन्न असायला हवे. प्रसन्न नाही, पण ते गाडीत नेहमीचेच.

बुधवार, ६ मार्च

वजन मान्य. यकृतातील चरबीही पुरेशी घटली.

परंतु रक्तात एसजीओटी ३१८ आले. चाळीसच्या आत हवे. यकृताला इजा होत असली की हा आकडा वाढतो. डॉक्टर फोनवर म्हणाले की कारण कळेपर्यंत मला घेता येणार नाही आणि ललिताजवळ थांबण्याइतके दिवस नाहीत. आम्रपालीला ११ तारखेला तपासणीसाठी पाठवा. आम्रपाली शेजारीच उभी होती. मी फोन ठेवण्याआधी तिने मान डोलावली होती. आईला इतक्यात सांगायचे नाही असे तिनेच ठरवले.

आता जे घडले ते लिहितो. ३१८ हा आकडा ऐकल्यावर पहिल्या क्षणी माझ्या मनात एक शब्द आला. सुटलो.

एकच क्षण. त्यानंतर आम्रपालीचा चेहरा दिसला. परंतु शब्द आला होता. तो खोडावा असे वाटले, खोडलेला नाही.

गुरुवार, ७ मार्च

दिपाली सहाला आली. अहवाल उभ्यानेच वाचला, दोनदा. विचारले की शनिवारी-रविवारी काय केले. चाललो, असे मी म्हटले. तिने पुन्हा विचारले नाही. जिन्याकडे बोट दाखवले.

"काकाजी, खाली उतरून दाखवा. कठड्याले हात न लावता."

अठरा पायऱ्या आहेत. मी पहिलीवर पाय टाकला आणि गुडघा वाकेना. दुसरीवर कठडा धरला. चौथीवर दोन्ही हातांनी धरला. हिरा दारात उभी राहून पाहत होती. चार दिवस मी घरात असा उतरत होतो आणि कोणाला दिसू नये म्हणून सगळ्यांच्या आधी निघत होतो.

दिपाली रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि सांगितले की फाटलेल्या स्नायूंतूनही एसजीओटी रक्तात उतरते. म्हणजे कदाचित यकृत ठीक असेल, मांड्या बोलत असतील. मांड्यांचे की यकृताचे हे कळण्यासाठी वेगळी तपासणी असते. परंतु मी काय केले ते डॉक्टरांना माझ्या तोंडून कळले पाहिजे, संख्येसह.

"लपवलं कावून, ते मी नाई विचारत. पन आता आकडे द्या. ते तुमाले येते."

पायरीवर बसूनच डॉक्टरांना पत्र लिहिले. २१ फेब्रुवारीपासूनचा जिना, अर्धे डबे, स्टेडियम, सर्व काही तारीखवार. दिपालीने फोनवरून पाठवले. शेवटी "आपल्या सूचनेचे उल्लंघन माझे, प्रशिक्षकाचे नव्हे" हे वाक्य मी घातले होते. ते तिने काढायला सांगितले. मी काढले नाही.

शनिवार, ९ मार्च

स्नायूंच्या तपासणीचा आकडा ४,८६०. दोनशेच्या आसपास हवा. दिपालीचा कयास बरोबर ठरला, निदान अर्धा. डॉक्टरांचे म्हणणे असे की यकृत खरोखर निर्दोष आहे का हे स्नायू शांत झाल्यावरच कळेल. भरपूर पाणी, पूर्ण विश्रांती, १८ तारखेला फेरतपासणी. आम्रपालीच्या तपासण्या मात्र थांबवणार नाहीत. १८ ला आकडा उतरला नाही तर तिची तारीख धरतील.

मला करायचे काम असे: काहीही न करणे. कार्यालयातून रजा घेतली.

सोमवार, ११ मार्च

आम्रपाली सकाळच्या गाडीने नागपूरला गेली. मी खुर्चीत बसलो होतो.

दिपाली सहाला आली. आता व्यायाम नाही तर येण्याचे प्रयोजन काय, असे विचारले. व्यायाम आहे, म्हणाली. गच्चीवर दोन खुर्च्या मांडल्या आणि पाऊण तास माझ्यासमोर बसली. मी पाय हलवला की पायाकडे पाही. मी उठू लागलो तर नुसती भुवई वर करी. कारखान्याची धुराडी मोजू लागलो तर म्हणाली की मोजणेही नको. बेचाळीस मिनिटांनंतर मला रडू येईल असे वाटले. आले नाही.

बुधवार, १३ मार्च

तिसरा दिवस खुर्चीत. दिपालीने आज विचारले, "काकाजी, भेव वाट्टे का?"

प्रश्न अप्रस्तुत आहे, असे म्हणायला तोंड उघडले आणि त्याऐवजी ६ तारखेचा शब्द तिला सांगितला. पुढचेही सांगितले. मला भूल देऊन झोपवतील आणि मी जागा होणार नाही, असे जानेवारीपासून रोज वाटते. बसलो की वाटते, म्हणून बसत नाही. आठ आठवडे मी वजन उतरवण्यासाठी धावलो की या विचारापासून, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही.

तिने मग तक्ता उघडला.

"थकवा किती?"

"नऊ."

तिने नऊ लिहिले. हाताने कागद सपाट करून म्हणाली, "हा बराबर आकडा आला."

दुपारी ललिताचा फोन आला. आम्रपाली नागपूरला कशाला गेली ते कोणीतरी तिला सांगितले होते. आवाज इतका बारीक की फोन कानात रुतवावा लागला. रागावली होती. पोरीला परत बोलवा, नाहीतर मी नागपूरची पायरी चढणार नाही, असे दोनदा म्हणाली. मी तिला सगळे सांगितले. जिना, स्टेडियम, पत्र, सगळे.

"म्हंजे सातच सोडोले तू."

"हो."

"भेला का दादा?"

"हो."

"मंग नको देऊ. मी काई म्हननार नाई तुले, मरेपरेंत नाई म्हननार."

"भ्यालो आहे. आणि देतो."

यार्डातील शिट्टी ऐकू आली, मग दुसरी. नंतर म्हणाली की अठरापर्यंत थांबते, आणि तोवर मी खुर्चीतून उठलो तर चरोद्याहून येऊन बडवील.

शनिवार, १६ मार्च

वजन ८३.९. वाढले. पोटभर जेवतो आणि बसतो, दुसरे काय होणार. दिपालीने काटा उचलून हिराजवळ दिला. हिराने तो कुठे ठेवला ते विचारले नाही.

बसण्याविषयी एक निरीक्षण. पहिली वीस मिनिटे अंग ओरडते. मग भीती येते, समोरच्या खुर्चीत बसल्यासारखी. तिच्याकडे पाहत बसले की ती वाढत नाही. कमीही होत नाही.

बुधवार, २० मार्च

एसजीओटी ३४. स्नायूंचा आकडाही उतरला. यकृताची चरबी पूर्वीइतकीच कमी.

रुग्णालयातील काट्यावर वजन ८४.१ भरले. उद्दिष्टापेक्षा १.१ किलो अधिक. मी स्वतःहून डॉक्टरांच्या लक्षात आणून दिले. ते म्हणाले, चालेल. एवढेच. मी पुन्हा विचारले. पुन्हा तेच म्हणाले.

अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे हजर झालो. आपण हे दान कोणाच्या दडपणाखाली करत आहात का, असे विचारले. नाही, असे सांगितले. भीती वाटते का, असे त्यांनी विचारले नव्हते, तेही सांगितले. टंकलेखकाने ते लिहावे की नाही म्हणून अध्यक्षांकडे पाहिले.

आम्रपालीची तारीख रद्द. शस्त्रक्रिया २८ ला. आम्रपालीने फोनवर "मामाजी" म्हटले आणि पुढे हिंदीत बरेच काही बोलली. रडताना ती हिंदीत रडते.

बुधवार, २७ मार्च, नागपूर

उद्या सकाळी सात. संमतिपत्राची सर्व पाने वाचली. एका पानावर तारीख चुकली होती, दुरुस्त करून घेतली. हिराने साक्षीदार म्हणून सही केली. सही करण्यापूर्वी पेन धरून थोडी थांबली.

नंतर बाहेरच्या बाकावर म्हणाली, "तुमी माह्यावर रागावले तर नाई ना?" कशाबद्दल, असे विचारले. तिने मान हलवली आणि माझ्या सदऱ्याची गुंडी लावली. लागलेलीच होती, ती उघडून पुन्हा लावली. दिपालीला याचा अर्थ ठाऊक असावा. परतल्यावर विचारीन.

आज बसून आहे. भीती आहे. दोन्ही नोंदी बरोबर.

सोमवार, १ एप्रिल

चार दिवसांनी पेन धरले. अक्षर वाकडे येत आहे, ते तसेच राहू द्यावे लागेल.

मी जागा झालो. ललिताही. तिच्यात बसवलेला भाग काम करू लागला आहे. काल डॉक्टरांनी सांगितले की डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आहे. तिला संसर्ग होऊ नये म्हणून काचेच्या खोलीत ठेवले आहे, याच मजल्यावर, आमच्या मार्गिकेच्या शेवटी. मी तिला अजून पाहिलेले नाही.

दिपाली आज सकाळच्या गाडीने आली. जिमला आणि सकाळच्या घरांना सुटी देऊन आली, हे हिराकडून कळले. येथील फिजिओथेरपिस्टने पहिल्यांदा उठवताना दहा पावले सांगितली होती, तेथून चाकांच्या खुर्चीत बसून पलंगाकडे परत. हिराने सलाइनची दांडी धरली. दिपाली माझ्यापुढे उलटी चालत होती, तोंड माझ्याकडे, हात पुढे केलेले, परंतु मला न धरता. पोटावरचा टाका प्रत्येक पावलाला वेगळा ओढत होता. आम्ही दार ओलांडले, मार्गिकेत आलो. मी मोजत होतो, तिने मोजू दिले.

सात झाल्यावर काच दिसली. काचेच्या आत पलंगाचे टोक आणि चादरीखाली पाय. ललिताचे पाय मला ओळखू येतात. आम्रपाली बाहेर उभी होती. तिने काचेवर टकटक केले असावे, कारण चादर हलली आणि आतून एक हात वर आला, तळवा माझ्याकडे करून.

आठ. नऊ. दहा.

काचेपर्यंत आणखी आठ पावले होती, फार तर नऊ. पाय चालू शकत होते. दिपाली थांबली होती. भुवईसुद्धा वर केली नाही. हिराने माझ्याकडे पाहिले.

मी खुर्ची मागितली. बसलो. बसून हात वर केला.

उरलेली आठ उद्या.